पहिल्या वर्षाचा धडा आणि खर्डा



शेतमजुराच्या मुलाने विद्यापीठात जाऊन नाट्यशास्त्र शिकावे असे म्हटले की पहिला प्रश्न पोटाचा येतो, आणि तो अवास्तव नाही. परंतु त्यामागोमाग ‘नाचगाण्याला पदवी कशाला?’ असा जो उपहास होतो, त्याचा विचार चळवळीने तरी गंभीरपणे करावयास हवा. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात ललित कला केंद्र १९८७ पासून आहे आणि हा जिल्हा त्याच विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतो. मग जामखेड तालुक्यातला मुलगा अशा शिक्षणाच्या पहिल्या वर्षी शिकतो तरी काय?

वरवर पाहिले तर श्वास, आवाज, चालणे, उभे राहणे; दिवे लावणे आणि पडदा ओढणेदेखील. या शेवटच्या कामांना कमी लेखू नये; नाटक ही सामुदायिक श्रमाची निर्मिती आहे हे तेथेच कळते. त्याचबरोबर भरताच्या ‘नाट्यशास्त्रा’चा पहिला अध्याय येतो. शूद्रांना वेद ऐकण्याचा अधिकार नाही, म्हणून सर्व वर्णांसाठी ब्रह्मदेवाने नाट्य हा पाचवा वेद निर्माण केला, अशी ती कथा. विषमतेची एवढी उघड कबुली जुन्या ग्रंथांत क्वचितच सापडेल! पहिला प्रयोग इंद्राच्या ध्वजमहोत्सवात झाला. त्यात दैत्यांचा पराभव दाखविला गेला, तेव्हा खवळलेल्या विघ्नांनी नटांची वाणी, हालचाल आणि स्मृती गोठवून टाकली. इंद्राने ध्वजदंडाने त्यांना चोपले. पण प्रश्न सुटला तो ब्रह्मदेवाने दैत्यांची तक्रार ऐकून घेतल्यावरच. नाट्य हे देवांचे तसेच दैत्यांचेही आहे, असे त्याला सांगावे लागले.

आधुनिक अभ्यास येथून पुढे जातो. न्यूयॉर्क विद्यापीठात १९८० साली ‘परफॉर्मन्स स्टडीज’ या नावाने विभाग उभा राहिला. रिचर्ड शेक्नर आदींनी त्यात मिरवणूक, विधी, क्रीडा, न्यायालयाचे कामकाज या साऱ्यांकडे ‘प्रयोग’ म्हणून पाहावयास शिकविले. कोण दिसतो, कोणाला दाखविले जाते, कोणाच्या तोंडी शब्द नाहीत, असे त्या दृष्टीचे प्रश्न आहेत.

ही दृष्टी घेऊन खर्ड्यात उभे राहावे. १७९५ च्या मार्चमध्ये येथे पेशव्यांच्या नेतृत्वाखाली मराठे सरदार एकवटले आणि निजामाचा पराभव झाला. त्या विजयाचे स्मरण होते तेव्हा एक गोष्ट बहुधा गाळली जाते. ज्या किल्ल्यात निजामाने आसरा घेतला, तो निंबाळकरांनी बांधलेला होता आणि ते निंबाळकर निजामाच्याच पदरी होते. दोन धर्मांची झुंज म्हणून हे नाटक रंगविणे सोपे असते. सरदारांच्या निष्ठा आणि जहागिरी यांचा हिशेब मांडला की ते तितके सोपे राहत नाही. २०२१ च्या दसऱ्याला याच किल्ल्यापाशी ७४ मीटर उंचीचा भगवा ध्वज उभारला गेला. तोही एक प्रयोगच. त्याची भव्यता पाहताना प्रेक्षक कोठे उभा केला गेला, हे विद्यार्थ्याने विचारले पाहिजे.

याच गावात एप्रिल २०१४ मध्ये सतरा वर्षांच्या एका दलित विद्यार्थ्याची हत्या झाली. नोव्हेंबर २०१७ मध्ये सत्र न्यायालयाने सर्व आरोपींना निर्दोष मुक्त केले. खटल्यात अनेक साक्षीदार फितूर झाले होते. नटांची वाणी आणि स्मृती गोठल्याची ती प्राचीन कथा अशा वेळी पुराणातली वाटत नाही. गावातली माणसे साक्षीच्या पिंजऱ्यात उभी राहतात आणि बोलू शकत नाहीत. ते कोणत्या भयामुळे, कोणत्या हितसंबंधांमुळे, कोणाच्या शेतावर मजुरी करावी लागते म्हणून, हा अभिनयाच्या वर्गाला परका विषय मुळीच नव्हे.

मराठी रंगभूमीचा इतिहास सांगली येथे १८४३ साली झालेल्या विष्णुदास भाव्यांच्या ‘सीतास्वयंवरा’पासून सांगण्याची रूढी आहे. त्याच्या शेजारी जोतीराव फुल्यांचे ‘तृतीय रत्न’ ठेवून वाचावयास हवे. ते १८५५ साली लिहिले गेले. दक्षिणा प्राइज कमिटीने ते नाकारले. त्यात जोशीबुवा एका कुणबी जोडप्याला ग्रहांचे भय घालून लुबाडतो आणि विदूषक मधूनमधून त्याचे ढोंग उघडे पाडतो. शेवटी ते जोडपे शिकण्यासाठी रात्रीच्या शाळेची वाट धरते. हे नाटक छापून निघावयास १९७९ साल उजाडावे लागले.