साचलेल्या कामाचें माप

कापडाच्या गिरणींत माल साचला तर तो डोळ्यांना दिसतो. गुदामाचीं दारें लागेनाशीं होतात. सॉफ्टवेअरच्या कचेरींत मात्र साचलेला माल कोणाच्याहि दृष्टीस पडत नाहीं. अर्धवट लिहिलेल्या आज्ञावल्या, तपासणीवांचून पडलेल्या दुरुस्त्या, मंजुरीसाठीं अडलेल्या मागण्या हें सारें संगणकाच्या पोटांत निमूटपणें पडून असतें. बाहेर तर प्रत्येक जण मान मोडून काम करीत असतो. मग काम वेळेवर पुरें कां होत नाहीं?

याचें उत्तर जपानांतील मोटारीच्या कारखान्यांत सांपडलें. दुसऱ्या महायुद्धानंतर टोयोटा कंपनींतील ताइची ओनो यांनीं असा दंडक घातला कीं, पुढच्या कामगारानें मागितल्यावांचून मागच्यानें सुटा भाग तयार करावयाचा नाहीं. मागणीची खूण म्हणून एक चिठ्ठी मागें जाई. तिलाच ‘कानबान’ म्हणतात. फाजील उत्पादन, साठा व खोळंबा यांस ते अपव्यय समजत. २००३ सालीं मेरी व टॉम पॉपेंडिक या दांपत्यानें हींच तत्त्वें सॉफ्टवेअरला लावून दाखविणारा ग्रंथ प्रसिद्ध केला. अर्धवट राहिलेलें काम हा तेथील साठा आणि कोणाच्याच उपयोगी न पडणारी सोय हें तेथील फाजील उत्पादन होय.

साठा कमी केल्यानें वेळ कसा वाचतो, याचा हिशेब श्रोत्यांनीं मनांतल्या मनांत करून पाहावा. जॉन लिटल यांनीं १९६१ सालीं सिद्ध केलेल्या नियमानुसार, हातीं असलेल्या कामांच्या सरासरी संख्येस दरमहा पुऱ्या होणाऱ्या कामांच्या संख्येनें भागलें म्हणजे एका कामास लागणारा सरासरी काळ मिळतो. ६० कामें हातीं असलीं आणि महिन्यास १२ पुरीं होत असलीं, तर सुरू केलेलें काम संपावयास ५ महिने लागावयाचे. वेग तोच ठेवून २४ कामेंच हातीं घेतलीं, तर २ महिने पुरतात. घाई कोणीच केली नाहीं. रांग तेवढी आखूड झाली.

याचा प्रत्यय हैदराबादेस आला. मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या अंतर्गत सॉफ्टवेअरची देखभाल करणाऱ्या तेथील तुकडीकडे २००४ सालीं ८० हून अधिक मागण्या तुंबल्या होत्या आणि एकेकीस सुमारें ५ महिने लागत. डेव्हिड अँडरसन यांच्या सल्ल्यानें व्यवस्थापक ड्रागोस डुमिट्रियु यांनीं पाहणी केली, तेव्हां आढळलें कीं, नव्या मागणीस किती वेळ लागेल याचे अंदाज बांधण्यांतच तुकडीची बरीच शक्ति खर्च होत होती. ते अंदाज बंद झाले. एका वेळीं हातीं घ्यावयाच्या कामांस मर्यादा पडली. पुढें तो ५ महिन्यांचा काळ कांहीं आठवड्यांवर आला.

मात्र माप हें दुधारी शस्त्र आहे. लिहिलेल्या ओळी मोजल्या कीं ओळी वाढतात. सांपडलेले दोष मोजले कीं क्षुल्लक दोषांची यादी लांबते. परीक्षेचे गुण हेंच ध्येय झालें म्हणजे विद्या मागें राहते, त्यांतलाच हा प्रकार. म्हणून माप माणसाच्या धांवपळीस न लावतां, मागणीपासून पूर्ततेपर्यंत काम कोठें व किती दिवस पडून राहिलें, यास लावावें. ज्याच्यापुढें ढीग साचला त्याला दोष देण्यापूर्वीं, तो ढीग तेथें कोणी आणून ओतला, हें पाहिलें तरच तें माप न्यायाचें ठरेल.