बेकारीतला एक पावसाळा



अष्टागरात आपलं मनापासून स्वागत. काही जण गेटवेवरून मांडव्याला उतरलात, काही भाऊच्या धक्क्यावरून रेवसला. वडखळच्या कोंडीत ताटकळलेल्यांची माफी मागतो, पण ती कोंडी स्वागत समितीने ठेवलेली नाही. जेवणात वालाचं बिरडं आहे. इतकं सांगितलं की स्वागताध्यक्षाचं निम्मं काम उरकतं.

उरलेलं निम्मं म्हणजे पक्षिमित्रांचं हे संमेलन इथेच का, ते सांगणं. १९३० साली सलीम अली जर्मनीहून परतले. बर्लिनला पक्षिशास्त्रज्ञ एर्विन स्ट्रेझमान यांच्या हाताखाली शिकून आले, तर मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममधली त्यांची जागाच पैशाअभावी रद्द झालेली. पदरी विद्यापीठाची पदवी नाही, वय तेहतीस. पत्नी तेहमिना यांच्यासह ते इथे, आमच्या किहीमला राहायला आले. पुढे संस्थानांतल्या पक्ष्यांची पाहणी त्यांनी केली तीही पगाराशिवाय, फक्त खर्च घेऊन. १९४१ चं भारतीय पक्ष्यांवरचं पुस्तक, डिलन रिप्ले यांच्याबरोबरचे दहा खंड, पद्मविभूषण, राज्यसभा हे आपल्याला पाठ आहे. मला बोलायचंय ते त्या बेकारीतल्या पावसाळ्याबद्दल.

घराजवळ सुगरणींची वसाहत होती. ती तर प्रत्येक गावात असायची. सलीम अली तिच्यासमोर ठाण मांडून बसले. नर भाताच्या पात्याच्या कडेला चोचीने खाच पाडतो, सुटलेलं टोक धरतो आणि उडतो. उडता उडता लांब पट्टी सोलून निघते. अशा पट्ट्यांचा खोपा तो अर्धवट विणतो आणि त्याला लटकून पंख फडफडवत माद्यांना बोलावतो. मादी येते, आत शिरून तपासते. पसंत पडला तरच पुढची नळी विणली जाते. नाहीतर अर्धा खोपा तसाच लोंबत राहतो. पुरा खोपा व्हायला साधारण अठरा दिवस लागतात. मादी अंड्यांवर बसली की हे महाशय शेजारी दुसरा खोपा विणायला घेतात, दुसरी मादी शोधायला मोकळे! एका नराचे असे एकामागून एक संसार होतात, हे सलीम अलींनी किहीमला बघून सिद्ध केलं. बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या नियतकालिकात तो लेख १९३१ साली आला. आपण कौतुक करतो सुगरणीचं, विणकामाचा घाम मात्र नराचा.

थोडं स्पष्ट बोलतो. हल्ली दुर्मीळ पाहुणा उतरला की पहाटेच लोकेशन फिरतं आणि बांधावर तोफेएवढ्या लेन्सांची रांग लागते. लागू दे, मलाही तो पक्षी बघायचा असतो. पण सुगरणीसमोर पूर्ण पावसाळा बसणारा माणूस मला आता दिसत नाही. आणि सुगरणीलाही पूर्वीसारखी जागा राहिलेली नाही. तिला शिंदीचं झाड लागतं, खाली पाणी असेल तर उत्तमच, आणि हाकेच्या अंतरावर भात. आमच्याकडे भाताचे प्लॉट पडले, कुंपणं आली, शिंदी तुटल्या. विकणारे आम्हीच आहोत, त्यामुळे नुसतं बंगलेवाल्यांच्या नावाने बोटं मोडण्यात अर्थ नाही.

उद्या साडेपाचला चहा, सहाला निघायचं. गेल्या पावसाळ्यातले खोपे अजून लोंबताहेत. बहुतेक झाडाच्या पूर्व अंगाला, म्हणजे पावसाळी वाऱ्याच्या आडोशाला दिसतील. नराचा पिवळा रंग आता उतरलेला असेल, तेव्हा त्याला चिमणी समजू नका. खाली पडलेला खोपा मिळाला तर आत चिकटवलेले मातीचे गोळे जरूर बघा. गावात सांगतात, त्यावर काजवे चिकटवून सुगरण दिवा लावते. वाऱ्यात खोपा हेलपाटू नये म्हणून ते वजन असावं, असंही एक मत आहे. लोंबणारा खोपा मात्र काढू नका. दिवाणखान्यात टांगायला तर अजिबात नाही.

आमच्या शाळांतली मुलं येत्या जूनपासून खोप्यांची नोंद ठेवणार आहेत. अर्धे किती, पुरे किती, कुठल्या झाडावर. त्यांना शिकवायला आपल्यापैकी दोघा-तिघांनी जुलैत परत यावं, एवढी मागणी स्वागताध्यक्ष या नात्याने करतो. गेटवेची लाँच तेव्हा बंद असते, रस्ता चालू असतो. नावं नोंदवायची वही जेवणाच्या मांडवात ठेवली आहे.