मयताशी कसलं वैर?

आज मी पानिपतहून बोलतोय. सकाळीच काला आंबच्या स्मारकावर जाऊन आलो. मराठी माणूस इथं आला की १४ जानेवारी १७६१ चा हिशेब मांडायला बसतो. भाऊसाहेबांचं काय चुकलं, होळकर का निघून गेले... मी फौजी, मलाही तो मोह होतो. पण आज बोलायचंय ते लढाई संपल्यानंतरचं.

धर्माची आज्ञा म्हटली की आपल्याला आडकाठी आठवते. हे खाऊ नको, ते शिवू नको. तरुणपणी मीही असाच वैतागायचो. पण सैन्यात स्टँडिंग ऑर्डर असतात. कुणीतरी शांत डोक्यानं विचार करून त्या लिहून ठेवलेल्या असतात, उद्याच्या थकलेल्या, घाबरलेल्या, रागानं आंधळ्या झालेल्या माणसासाठी. धर्माच्या बऱ्याच आज्ञा मला आता तशाच वाटतात.

विश्वासराव पडले. त्यांचा देह अब्दालीच्या छावणीत गेला. काही अफगाण सैनिकांना तो विजयाची खूण म्हणून मायदेशी न्यायचा होता. तिथं आडवा आला अवधचा नवाब शुजाउद्दौला. तो लढला होता अब्दालीच्या बाजूनं! पण त्यानं रदबदली केली आणि विश्वासरावांना त्यांच्या धर्माप्रमाणे अग्नी मिळाला. त्याच्याच पदरी असलेल्या काशीराज पंडितानं हे फारसीत लिहून ठेवलंय.

सगळ्याच आज्ञा डोळे मिटून पाळा, असं मी म्हणत नाही. भाऊंच्या फौजेबरोबर हजारो यात्रेकरू आले होते. तीर्थ करा, असं धर्म सांगतो. लढाईला निघालेल्या फौजेच्या मागून जा, असं नाही सांगत. त्या बायकापोरांचे इथं जे हाल झाले, ते मला सांगवत नाहीत.

आता माझी गोष्ट. १९९९, कारगिल. मी मेजर होतो. आम्ही एक टेकडी घेतली, तेव्हा माझी दोन पोरं गेली होती. वर शत्रूचे मृतदेह पडलेले. त्यांचा देश ते आपले म्हणायला तयार नव्हता. वरून हुकूम आला : त्यांच्या धर्माप्रमाणे दफन करा. खरं सांगतो, माझ्या मनात शिवी आली.

मौलवी आले. खडकात खड्डा खणायचा होता. साताऱ्याकडचा एक जवान फावडं टाकून उभा राहिला. गेलेल्यांपैकी एक त्याचा जिगरी दोस्त होता. मला त्याला दटावता येईना, कारण माझंही मन त्याच्याच बाजूला होतं. आमचे सुभेदारसाहेब पुढे झाले. एवढंच म्हणाले, ‘बाळा, मयताशी कसलं वैर? खण.’

त्यानं खणलं. नमाज झाली, आम्ही टोप्या घालून सावधान उभे राहिलो. राग गेला होता का? नाही. पण रागाच्या भरात जे हातून झालं असतं, ते झालं नाही.

संध्याकाळी तोच पोरगा माझ्या बंकरपाशी आला. म्हणाला, ‘साहेब, थोडं पाणी मिळेल का? मयतीवरून आलोय, आंघोळ करायला पाहिजे.’ पाणी कुठलं त्या उंचीवर! त्यानं स्टोव्हवर मगभर बर्फ वितळवला, डोक्यावर शिंपडला आणि मग जेवायला बसला.