रिकाम्या ओपीडीतली वर्षं

आज एम. एस. होऊन बाहेर पडणाऱ्या माझ्या तरुण सहकाऱ्यांनो,

मी आज एकाच विषयावर बोलणार आहे आणि तो तुमच्या कुठल्याही पेपरात आलेला नाही. सर्जनची स्वतःची प्रॅक्टिस उभी कशी राहते, आणि ती उभी राहीपर्यंत त्याने कसं वागावं?

पेशंट कुठून येतो, हा प्रश्न रेसिडेन्सीत तुम्हाला कधी पडलाच नाही. युनिटचा इमर्जन्सीचा दिवस असला की कॅज्युअल्टीतून रात्रभर माणसं येत राहायची. आतडं फुटलेली, पोट फुगलेली, भोसकलेली, मधुमेहाने पाय सडलेली. जेवायला फुरसत नसायची. आता बंधपत्राचं वर्ष संपेल आणि तुमच्यातले बरेच जण बार्शी, उदगीर, चाळीसगाव, कणकवली अशा गावांमध्ये जातील. कुणी पॉलिक्लिनिकमध्ये संध्याकाळचे दोन तास घेईल, कुणी कर्ज काढून दहा खाटांचं हॉस्पिटल बांधेल. पाटी लागेल, उद्घाटनाला गाव लोटेल, आणि दुसऱ्या दिवसापासून ओपीडी रिकामी राहील. कित्येक महिने राहील. इथे बसलेल्या तुमच्या आवडत्या सरांनीही हे दिवस काढले आहेत; त्यांना विचारा.

पैशाची ओढाताण सोसता येते. मला भीती वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. रिकामी ओपीडी सर्जनचा निर्णय बदलते, आणि तो बदलतोय हे त्याचं त्यालाही कळत नाही.

चाळिशीची एक बाई पोटात जळजळतं म्हणून सोनोग्राफी करते आणि पित्ताशयात खडे निघतात. खड्यांमुळे तिला आजवर एकदाही दुखलेलं नाही. असे मुके खडे बहुतेक मुकेच राहतात. वर्षाकाठी शंभरात एखाददुसऱ्याला त्रास सुरू होतो, म्हणून सहसा ऑपरेशन करायचं नसतं. परीक्षेत हे उत्तर तुम्ही झोपेतही दिलं असतं. पण ओटी तीन आठवडे उघडलेली नाही, बँकेचा हप्ता पाच तारखेला आहे, आणि रिपोर्ट वाचून घाबरलेली ती बाई स्वतःच म्हणते, "डॉक्टर, काढूनच टाका एकदाचं." त्या खोलीत तुम्हाला अडवणारं कुणी नसतं. राउंडवर सर विचारायचे, "इंडिकेशन काय?" तिथे हे विचारायला कुणी नाही. हर्नियाचंही असंच आहे. ज्यांना फारसा त्रास नाही अशा पुरुषांमध्ये वाट पाहणं सुरक्षित असतं, हे २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अमेरिकी अभ्यासाने दाखवलं. अडकून तातडीचं ऑपरेशन लागण्याचं प्रमाण वर्षाला हजारात दोनच्या आसपास होतं. तो अभ्यास तुम्ही वाचलाय. रिकाम्या ओपीडीत तो आठवतो का, एवढंच मला विचारायचं आहे.

हे टोकाला गेलं की काय होतं ते महाराष्ट्राने पाहिलं आहे. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली, तेव्हा त्यांतल्या १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली असल्याचं समोर आलं. त्यांत तरुण मुली होत्या. पाळीमुळे होणारा खाडा, मुकादमाचा दंड, पाण्याची आणि शौचालयाची सोय नसलेला फड, ही सगळी कारणं त्यामागे होतीच. पण प्रत्येकीच्या टेबलापाशी एक डिग्रीवाला माणूस हातात सुरी घेऊन उभा होता. त्यांतल्या प्रत्येकाने वाईट हेतूनेच सुरी धरली असं मला वाटत नाही. पहिल्यांदा मन थोडंसं वाकलं असेल, पुढच्या वेळी ते वाकवावंही लागलं नसेल.

म्हणून सुरुवातीलाच एक व्यवहाराची गोष्ट सांगते. कर्ज कमी घ्या. पहिली दोन-तीन वर्षं दुसऱ्याची ओटी भाड्याने घ्या, दोन-तीन हॉस्पिटलांमध्ये जाऊन काम करा. संगमरवर आणि लिफ्ट नंतर येऊ द्या. ज्याचा हप्ता लहान, त्याला "ऑपरेशन नको" म्हणणं सोपं जातं.

आता पेशंट येतो कसा ते सांगते. तालुक्याच्या गावी तो आधी त्याच्या फॅमिली डॉक्टरकडे जातो. ते बी.ए.एम.एस. असतील, बी.एच.एम.एस. असतील, वीस वर्षं त्या घरातली बाळंतपणं, ताप, भांडणं सगळं त्यांनी पाहिलेलं असतं. त्यांना मान द्या. पोटदुखीचा पेशंट त्यांनी रात्री दोन वाजता पाठवला तर रात्री दोनलाच जा. ऑपरेशन झालं की त्यांना स्वतः फोन करून काय सापडलं ते सांगा. वाचता येईल अशा अक्षरात चिठ्ठी द्या, टाके काढून झाले की पेशंट परत त्यांच्याकडेच पाठवा. त्यांना ओटीत येऊन बघायचं असेल तर बोलवा. त्यांनी अपेंडिक्स म्हणून पाठवलं आणि निघाला मूत्रखडा, तर पेशंटसमोर हसू नका. त्यांनी वेळेवर पाठवलं हेच मोलाचं.

आणि त्यांना कट देऊ नका. याबद्दल मी आडपडदा ठेवणार नाही. गावात पाऊल टाकल्यावर पहिल्या महिन्यातच कुणीतरी तुम्हाला टक्केवारी सांगेल, तीही अगदी प्रेमाने, "इथली पद्धत आहे" म्हणून. डॉक्टरांसाठी २००२ साली लागू झालेल्या आचारनियमांनी कमिशन देणं आणि घेणं दोन्हींवर बंदी घातली आहे. विंचूदंशावरच्या कामासाठी जगाला माहीत असलेले महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी २०१३ मध्ये एका तपासणी केंद्राकडून आलेला असा धनादेश परत केला आणि वर तक्रारही नोंदवली. हे त्यांनी गावात राहून, तिथेच प्रॅक्टिस करत केलं. कटाचे पैसे तुमच्या खिशातून जात नाहीत. ते त्या पेशंटच्या बिलात चढतात, आणि पुरत नाहीत तेव्हा गरज नसलेल्या तपासण्यांमधून, गरज नसलेल्या ऑपरेशनमधून काढले जातात. कट नाकारला की काही डॉक्टर पेशंट पाठवणं थांबवतील, हे खरं आहे. तुमची ओटी शेजारच्या सर्जनपेक्षा उशिरा भरेल. हे नुकसान मी लहान करून सांगणार नाही. पण तुमच्याकडे जे पेशंट येतील ते कुणीतरी मनापासून पाठवलेले असतील आणि त्या माणसांना तुम्ही काहीही देणं लागत नसाल.

सुरुवातीला जे येईल ते लहान असेल. गळू, हायड्रोसील, मूळव्याध, भगेंद्र, मधुमेही पाय. त्याला कमी लेखू नका. मधुमेही पायाचं ड्रेसिंग जो सर्जन रोज स्वतः करतो, त्याच्याकडे त्या घरातली पुढची सगळी ऑपरेशनं येतात.

सभागृहातल्या मुलींसाठी दोन शब्द. सर्जरीची बाई डॉक्टर म्हटलं की गाव तुम्हाला बाळंतपणाच्या डॉक्टरीणबाईच समजेल. मलाही कित्येक वर्षं तसंच समजलं गेलं. पण स्तनातली गाठ वर्षानुवर्षं पदराआड लपवणाऱ्या, शौचाच्या जागी फाटतंय हे नवऱ्यालाही न सांगणाऱ्या बायका प्रत्येक तालुक्यात आहेत. पुरुष डॉक्टरांकडे त्या जातच नाहीत, किंवा गाठ फुटल्यावर जातात. तुम्ही तिथे बसलात आणि हे चार जणींना कळलं, की त्या यायला लागतात, आणि लवकर येतात. तुमच्या असण्याने स्तनाचा कर्करोग ज्या टप्प्यावर सापडेल त्यात फरक पडेल. त्या गावांना तुमची फार गरज आहे.

मोठ्या केसचा मोह लवकरच होईल. दुर्बिणीने पित्ताशय काढताना कॅलोच्या त्रिकोणात काही ओळखू येत नसेल तर थांबायचं, हे तुम्हाला शिकवलंय. पित्ताशयात जाणाऱ्या दोनच रचना स्पष्ट दिसल्याशिवाय काही कापायचं नाही, हा स्ट्रासबर्ग यांचा १९९५ पासूनचा नियमही तुम्हाला पाठ आहे. पण ओटीबाहेर गावचे पुढारी बसलेले असतात आणि पोट उघडलं तर गाव काय म्हणेल, हे डोक्यात येतं. पोट उघडा. किंवा पित्ताशयाचा खालचा भाग तसाच ठेवून बाहेर या. पित्तनलिका कापली गेली तर त्या माणसाचं पुढचं सगळं आयुष्य बदलतं. भूलतज्ज्ञ "आज नको" म्हणाले तर आज नको. रक्त जवळ मिळत नसेल, आयसीयू नसेल, तर केस पुढे पाठवा आणि जमलं तर सोबत जा. शक्य असेल तेव्हा एखाद्या ज्येष्ठ सर्जनला आपल्याच ओटीत शेजारी उभं करा. फी त्यांनाच द्या.

आणि प्रत्येक ऑपरेशनआधी तपासणी यादी मोठ्याने वाचून घ्या. जागतिक आरोग्य संघटनेची एकोणीस मुद्द्यांची यादी दिल्लीसह आठ शहरांतल्या रुग्णालयांत वापरून पाहिली गेली. २००९ च्या त्या अहवालात मृत्यू दीड टक्क्यावरून ०.८ टक्क्यावर आले होते आणि गुंतागुंत अकरावरून सात टक्क्यांवर. ती यादी ओटीतल्या सिस्टरना वाचू द्या, आणि स्पंज मोजणीत एक कमी आहे असं त्यांनी म्हटलं तर त्या क्षणी त्या तुमच्या वरिष्ठ आहेत असं समजा.

संमतीचा कागद हा सहीपुरता नसतो. २००८ च्या समीरा कोहली खटल्यात, तपासणीसाठी भूल दिलेल्या बाईचं गर्भाशय आणि बीजांडकोश डॉक्टरांनी आईची संमती घेऊन काढले. सर्वोच्च न्यायालयाने ती संमती ग्राह्य धरली नाही, कारण पेशंट स्वतः सज्ञान होती आणि शुद्धीवर आल्यावर तिला विचारता येत होतं. आपल्याकडे सासरा, दीर, मोठा भाऊ पुढे येऊन बोलतात. त्यांचं ऐका, पण बोला पेशंटशी. खर्चाचा अंदाज आधी सांगा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत पेशंटचं ऑपरेशन बसत असेल आणि तुमचं हॉस्पिटल त्या योजनेत नसेल, तर जिथे आहे ते हॉस्पिटल सांगा. ती केस हातची जाईल. जाऊ द्या.

गुंतागुंत होईलच. तेव्हा हाताखालच्या डॉक्टरला पुढे करून तुम्ही घरी बसू नका. नातेवाइकांसमोर स्वतः जा, खुर्ची घेऊन बसा, काय झालं आणि आता काय करतोय ते सांगा, आणि चार तासांनी परत जा. डॉक्टरांना होणाऱ्या मारहाणीविरुद्ध आपल्या राज्यात २०१० पासून कायदा आहे आणि तो हवाच. पण लोक सर्वाधिक चिडतात ते डॉक्टर दिसेनासा झाला की.

एक रजिस्टर ठेवा. प्रत्येक ऑपरेशननंतर तीस दिवसांनी आणि वर्षाने त्या माणसाचं काय झालं, ते फोन करून लिहा. बोस्टनमध्ये अर्नेस्ट कॉडमन नावाचा सर्जन होता. मोठ्या इस्पितळाने आपले निकाल उघड करावेत असा आग्रह त्याने धरला, १९१४ मध्ये तिथून राजीनामा दिला, आणि स्वतःच्या छोट्या हॉस्पिटलातल्या ३३७ पेशंटांचा हिशेब छापला. त्यात आपल्याकडून झालेल्या १२३ चुका त्याने नोंदवल्या होत्या. इतकं लांब जायलाही नको. धुळे जिल्ह्यातल्या दोंडाईच्याला डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर यांनी हर्नियासाठी महागड्या जाळीऐवजी निर्जंतुक केलेलं मच्छरदाणीचं कापड वापरलं, इतर ग्रामीण सर्जनना सोबत घेतलं, नोंदी ठेवल्या आणि २००३ मध्ये ते काम प्रसिद्ध केलं. पुढे युगांडात ३०२ पुरुषांवर अशाच स्वस्त जाळीची रीतसर चाचणी झाली. २०१६ मध्ये निकाल आला तेव्हा वर्षभरात हर्निया परत होण्याच्या प्रमाणात महागड्या जाळीपेक्षा लक्षणीय फरक नव्हता. दोंडाईच्यात नोंदी ठेवल्या गेल्या नसत्या तर ती जाळी एका डॉक्टरची युक्ती म्हणून तिथेच राहिली असती.

शेवटची विनंती व्यासपीठावरच्या माझ्या गुरुजनांना आहे. ही मुलं आजपर्यंत दर महिन्याला तुमच्या मॉर्टॅलिटी मीटिंगमध्ये उभी राहत होती. काय चुकलं, का चुकलं, हे सगळ्यांसमोर मांडत होती. उद्यापासून त्यांना अशी जागा उरणार नाही. तालुक्याच्या गावात पेशंट दगावला तर सर्जन एकटा जागा असतो, आणि शेजारचा सर्जन त्याचा स्पर्धक असतो. तेव्हा विभागाची ती मीटिंग बाहेर पडलेल्या विद्यार्थ्यांनाही उघडी करा. महिन्यातून एकदा, मोबाइलवरून का होईना, त्यांना त्यांच्या केसेस घेऊन येऊ द्या. तिथे त्यांना पूर्वीसारखंच विचारा, इंडिकेशन काय होतं. आणि त्यांचा फोन रात्री दोनला आला तरी उचला.