कारण आठवतंय तोवर मिटवा
(वर्धापनदिनी हट्टा येथे केलेले भाषण)



आम्ही गिरणी कामगार. शाळा लवकर सुटली. जे वाचलं ते पाळी सुटल्यावर वाचलं. आज वैर या विषयावर बोलायचं आहे, म्हणून वाचलेल्या एका नाटकापासून सुरुवात करतो.

शेक्सपिअरचं 'रोमिओ आणि ज्युलिएट' हे ४०० वर्षांहून जुनं नाटक. इटलीतल्या व्हेरोना शहरात दोन खानदानं. एकाचा नोकर दुसऱ्याच्या नोकराला पाहून तलवार उपसतो. एका घरचा मुलगा, दुसऱ्या घरची मुलगी. तिला १४ वर्षंही पुरी नाहीत. गुपचूप लग्न करतात आणि दोघंही मरतात. मर्क्युशिओ ना या घरचा ना त्या घरचा, तोही बळी जातो. मुलाची आई दुःखाने जाते. शेवटी दोन्ही बाप हात मिळवतात, मुलांचे सोन्याचे पुतळे करू म्हणतात. पोरं गेल्यावर पुतळे काय कामाचे?

आणि मित्रहो, सबंध नाटक वाचा. भांडण कशावरून लागलं हे कुठेच सांगितलेलं नाही. जुनं वैर, एवढंच. कारण मेलं, वैर जिवंत राहिलं. असलं भांडण पंच तरी कसं मिटवणार?

हे परमुलखातलं झालं, असं म्हणू नका. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात १८ वर्षांच्या नारायणराव पेशव्यांचा खून झाला. चुलते राघोबादादांच्या चिठ्ठीत 'ध'चा 'मा' झाला, ही आख्यायिका आपल्या बोलण्यात म्हणीसारखी आहे. खाडिलकरांनी त्यावर 'भाऊबंदकी' हे नाटक लिहिलं. राघोबादादा गादीसाठी इंग्रजांकडे गेले, १७७५ साली सुरतेचा तह झाला. भांडण घरचं, फावलं तिसऱ्याचं.

आता बाबासाहेबांचा 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' उघडा. शाक्य आणि कोलीय एकमेकांचे शेजारी. भांडण रोहिणी नदीच्या पाण्याचं. सेनापती म्हणतो, युद्ध. सिद्धार्थ म्हणतो, आधी चूक कोणाची ते तपासा. दोन माणसं आपली, दोन त्यांची, चौघांनी पाचवा निवडावा. बहुमताने ते नाकारलं गेलं, सिद्धार्थाला घर सोडावं लागलं. पण पुढे लोकच शांततेसाठी उठले. दोन्हीकडचे पाच-पाच जण बसले आणि पाण्याच्या वादासाठी कायमचं लवाद मंडळ नेमायचं ठरलं. कारण ठाऊक होतं, आणि पाणी वाटता येतं.

आपल्या शिवारात धुऱ्यावरून, पाण्याच्या पाळीवरून सख्खे भाऊ बोलत नाहीत, मयतीला जात नाहीत. कोर्टाच्या तारखा करता करता त्याच धुऱ्याजवळचं वावर विकायची पाळी येते. आज निदान धुरा कुणी कोरला ते माहीत आहे. उद्या नातवंडांना 'त्या घराशी बोलायचं नाही' एवढंच माहीत राहील.

म्हणून आमचं मागणं एकच. दोन माणसं यांची, दोन त्यांची, पाचवं सर्वांच्या पसंतीचं, अशी बैठक या विहारात सुरू करा. त्या पाचांत एखादी बाई जरूर घ्या. वैरात माहेर तिचंच तुटतं. आणि कारण आठवतंय तोवरच बसा.

जय भीम! नमो बुद्धाय!