ई-मेल सेवेची निवड आणि पत्रव्यवहाराची गुप्तता

(अधिकारी, शिक्षक व पंचायत सदस्य यांच्यासाठी योजलेल्या प्रशिक्षण वर्गातील व्याख्यानाचा मजकूर)



पोस्टकार्डावर काय लिहावे आणि बंद पाकिटात काय घालावे, हे आपल्याकडे कोणी शाळेत शिकवले नव्हते. तरीही खेड्यातील निरक्षर म्हातारीसुद्धा ते जाणून होती. मुलगा मुंबईस सुखरूप पोचल्याची खबर कार्डावर चालत असे; सोयरिकीचा, कर्जाचा किंवा दुखण्याचा विषय निघाला की ती पत्र लिहून देणाऱ्याला बजावत असे, "पाकीट घे." १८७९ साली भारतात पोस्टकार्ड सुरू झाले, तेव्हापासून हा विवेक समाजात हळूहळू रुजला. ई-मेलच्या बाबतीत मात्र तो अद्याप रुजावयाचा आहे, आणि आज आपण त्याच संबंधी विचार करणार आहोत.

प्रश्न केवळ आपल्या खाजगी पत्रांचा नाही. शाळेतील एखाद्या विद्यार्थिनीच्या पालकाने मुख्याध्यापकांना विश्वासाने लिहिलेली तक्रार, ग्रामपंचायतीकडे आलेले निराधार योजनेचे अर्ज, त्यांना जोडलेल्या आधारपत्राच्या व रुग्णालयीन दाखल्यांच्या प्रती, हे सारे आज कोणाच्या तरी ई-मेल खात्यात पडून असते. पुष्कळदा ते खाते कार्यालयाचे नसतेच. एखाद्या कर्मचाऱ्याने स्वतःच्या नावाने, फुकट मिळते म्हणून, उघडलेले असते. ज्यांनी ते कागद दिले त्यांना याची कल्पनाही नसते. म्हणून सेवेची निवड करताना आपण दुसऱ्याच्या ठेवीचे राखणदार आहोत, ही जाणीव ठेवावी लागेल.

आता ई-मेलचा प्रवास पाहू. आपण लिहिलेले पत्र प्रथम आपल्या सेवा-कंपनीच्या संगणकावर, म्हणजे सर्व्हरवर, जाते. तेथून ते समोरच्या व्यक्तीच्या कंपनीच्या सर्व्हरवर पोचते आणि तेथेच साठून राहते. १९७१ साली रे टॉमलिन्सन यांनी एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्राकडे असा पहिला संदेश धाडला. यंत्रांनी एकमेकांना पत्रे कशी सुपूर्द करावीत याचे नियम १९८२ साली ठरले. परस्परांवर विश्वास असणाऱ्या थोड्या संशोधन संस्थांचा तो व्यवहार होता. त्यात गुप्ततेची तजवीज नव्हती. पुढे ती वरून जोडण्यात आली. आज मोठ्या सेवांच्या दरम्यान पत्र जाताना ते बहुधा सांकेतिक रूपात असते, म्हणजे टपालाची पिशवी वाटेत कुलूपबंद असते. परंतु दोन्ही टोकांच्या टपाल कार्यालयांत पिशवी उघडते आणि तेथील कार्ड कोणालाही वाचता येण्याजोगे असते. "आमची सेवा सुरक्षित आहे" असे जाहिरातीत म्हटलेले असते, तेव्हा ते वाटेतल्या कुलुपाविषयी आहे की टोकाच्या कार्यालयाविषयी, हे विचारावयास हवे.

ही फुकटची सेवा चालते कशी? १९९६ मध्ये साबीर भाटिया व जॅक स्मिथ यांनी हॉटमेल काढले आणि मोफत ई-मेल घरोघर गेले. १ एप्रिल २००४ रोजी गुगलने जीमेल आणले, तेव्हा एक गिगाबाइट जागा फुकट मिळते हीच अनेकांना त्या तारखेची थट्टा वाटली. त्या जागेचा मोबदला असा होता, की पत्रातील मजकूर यंत्राकडून तपासून त्याला अनुरूप जाहिराती शेजारी दाखविल्या जात. सामान्य ग्राहकांच्या पत्रांची जाहिरातींसाठी होणारी ही तपासणी थांबविण्याची घोषणा कंपनीने २०१७ मध्ये केली. हे न्यायाने सांगितले पाहिजे, कारण अजूनही पुष्कळ जण जुनीच गोष्ट आजची म्हणून सांगतात. मात्र मजकूर वाचण्याची क्षमता कंपनीकडेच राहिली. आज ती अमुक कामासाठी वापरणार नाही, हे आश्वासन आहे, आणि आश्वासनाच्या अटी बदलण्याचा अधिकार आपल्या हाती नसतो.

येथे सुरक्षितता आणि खाजगीपणा यांत भेद करावयास हवा. बड्या कंपन्या चोरापासून पत्रपेटी राखण्याच्या कामी सामान्यतः कुशल असतात, लहान कंपन्यांपेक्षा काकणभर अधिकच. त्यांच्याकडूनही हयगय होते. याहूच्या २०१३ मधील माहितीचोरीची झळ तिच्या तीनही अब्ज खात्यांना लागल्याचे २०१७ मध्ये कंपनीनेच जाहीर केले. परंतु खाजगीपणाचा प्रश्न चोराचा नाही, तर खुद्द पोस्टमास्तराचा आहे. त्याला काय दिसते?

या प्रश्नाचे उत्तर म्हणून काही निराळ्या सेवा निघाल्या. जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत भेटलेल्या तरुण शास्त्रज्ञांनी २०१४ मध्ये प्रोटॉनमेल सुरू केले. जर्मनीतील हॅनोव्हर येथील टुटानोटा ही सेवा २०११ पासूनची. २०२३ मध्ये तिने टुटा हे नाव घेतले. या दोहोंत साठविलेला मजकूर उघडण्याची किल्ली ग्राहकाच्या परवलीच्या शब्दाशी बांधलेली असते आणि तो शब्द कंपनीला कळत नाही. त्यामुळे पत्र कंपनीच्या कपाटात असले तरी कंपनीला ते उघडता येत नाही.

हे ऐकून लगेच हुरळून जाऊ नये. अशा खात्यावरून आपण साध्या खात्यावर नेहमीच्या पद्धतीने पत्र पाठविले, तर त्याची उघडी प्रत समोरच्या कंपनीकडे राहतेच. पत्र कोणी, कोणाला, केव्हा धाडले हा पाकिटावरचा तपशील पत्र पोचविण्यासाठी कंपनीला कळावाच लागतो. प्रोटॉनमध्ये विषयाची ओळदेखील या किल्लीच्या संरक्षणाबाहेर राहते, टुटामध्ये ती आत येते. म्हणून विषयाच्या ओळीत विद्यार्थ्याचे नाव आणि आजार लिहिण्याची सवय कोणत्याही सेवेत मोडलीच पाहिजे. दुसरी गोष्ट, किल्ली आपली असल्याने ती हरवण्याची जोखीमही आपली. परवलीचा शब्द विसरला आणि पुनर्प्राप्तीचा संकेत जपून ठेवलेला नसला, तर जुनी पत्रे कायमची गेली. ज्या कार्यालयात कपाटाच्या किल्ल्या महिन्यातून एकदा शोधाव्या लागतात, तेथे या मुद्द्याचा आधी विचार व्हावा.

आता कायद्याकडे वळू, कारण सर्वांत अधिक गैरसमज येथेच आहेत. अमेरिकेत लाडार लेव्हिसन यांनी २००४ मध्ये लावाबिट ही लहानशी सेवा काढली. तिचे चार लाखांच्या आसपास ग्राहक झाले. एडवर्ड स्नोडेन हे त्यांपैकी एक. २०१३ च्या उन्हाळ्यात अमेरिकी तपासयंत्रणेने न्यायालयामार्फत लावाबिटच्या संपूर्ण सेवेची मुख्य किल्ली मागितली. ही किल्ली दिली असती तर एका संशयिताबरोबर सर्वच ग्राहकांचे दळणवळण उघडे पडण्याजोगे होते. लेव्हिसन यांनी ती अकरा पानांवर, डोळ्यांस दिसेल न दिसेल अशा बारीक टाइपात छापून दिली. न्यायालयाने ती वापरण्याजोग्या स्वरूपात मिळेपर्यंत रोज पाच हजार डॉलर दंड ठोठावला. अखेर किल्ली द्यावी लागली, आणि ८ ऑगस्ट २०१३ रोजी त्यांनी आपली सेवाच बंद केली. ग्राहकांचा विश्वास राखण्याचा दुसरा मार्ग त्यांना उरला नाही. मात्र त्याच दिवशी लाखो निरपराध लोकांचा पत्रव्यवहारही अडला, हेही ध्यानात घ्यावे.

युरोपातील सेवा कायद्याच्या पलीकडे आहेत असे सांगणारे लोक भेटतात. ते खरे नाही. २०२१ मध्ये फ्रान्समधील एका पर्यावरण कार्यकर्त्याच्या प्रकरणी स्वित्झर्लंडच्या अधिकाऱ्यांनी आदेश दिला, तेव्हा प्रोटॉनला त्या खात्याचा आयपी पत्ता, म्हणजे ते कोणत्या जोडणीवरून वापरले जाते याची खूण, नोंदवून द्यावी लागली. अशा नोंदी आम्ही सहसा ठेवत नाही, असे तिच्या मुखपृष्ठावरचे आश्वासन होते; ते नंतर बदलण्यात आले. पत्रांतील मजकूर मात्र देता आला नाही, कारण तो तिला स्वतःलाच उघडता येत नव्हता. बर्लिनची पोस्टेओ ही सेवा महिन्याला एक युरो घेते आणि रोख रक्कम पाकिटातून पाठविली तरी चालते, म्हणजे पैसे देणाऱ्याचे नाव खात्याशी जोडले जात नाही. तीदेखील न्यायालयात हरली. जर्मनीच्या संघीय घटना न्यायालयाच्या डिसेंबर २०१८ च्या निर्णयाने, रीतसर आदेश असेल तर आयपी पत्ते पुरविणे तिला बंधनकारक झाले. या सर्व प्रकरणांत कंपनीचा हेतू किती शुद्ध होता यावर फारसे अवलंबून राहिले नाही. जे तिच्याजवळ नव्हते किंवा तिला उघडता येत नव्हते, तेवढेच वाचले.

आपल्या देशातही हा वाद जुनाच आहे. टपाल अडवून वाचण्याचे शासनाचे अधिकार वाढविणारे विधेयक १९८६ मध्ये संसदेने संमत केले होते. राष्ट्रपती झैलसिंग यांनी त्यावर सहीही केली नाही आणि ते परतही पाठविले नाही. पुढे २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने सांगितले. २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले, आणि माहिती बाळगणाऱ्यांवरील मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू व्हावयाच्या आहेत. दुसऱ्या बाजूस, माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ६९ अन्वये ठरावीक कारणांसाठी संदेश तपासण्याचा शासनाचा अधिकार आहेच. धमक्या आणि अश्लील मजकूर पाठविण्यासाठी गुप्त सेवांचा दुरुपयोगही होतो. अशाच एका तक्रारीवरून एप्रिल २०२५ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने प्रोटॉन मेल भारतात रोखण्याच्या दृष्टीने कार्यवाही सुरू करण्याचे निर्देश केंद्र शासनाला दिले. तेव्हा परदेशी सेवा निवडताना ती आपल्याकडे अखंड उपलब्ध राहील काय, हाही हिशेब मांडावा लागतो.

आपल्यापुरते बोलावयाचे तर पहिला निर्णय सोपा आहे. शासकीय काम शासकीय पत्त्यावरूनच व्हावे. केंद्र शासनाच्या २०१४ च्या ई-मेल धोरणाने राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची सेवा त्यासाठी नेमून दिली; २०२५ पर्यंत सुमारे बारा लाख केंद्रीय कर्मचाऱ्यांची खाती चेन्नईच्या झोहो कंपनीच्या यंत्रणेवर नेण्यात आली, पत्ते मात्र शासनाचेच राहिले. खाजगी गुप्ततेसाठी शासकीय काम कोणी परदेशी खात्यावर नेऊ लागला, तर तो नियमभंग तर होतोच, शिवाय नागरिकाला माहितीच्या अधिकारात जो अभिलेख मिळावयाचा तोही कार्यालयाबाहेर जातो.

ज्या शाळेला किंवा संस्थेला असा शासकीय पत्ता नाही, तिने निदान स्वतःच्या नावाचे डोमेन घ्यावे. मोबाइल क्रमांक न बदलता कंपनी बदलण्याची सोय आपल्याला देशभर २०११ पासून मिळाली. ई-मेलला तशी सोय नाही. डोमेन आपले असेल तर मात्र पत्ता तोच ठेवून सेवा बदलता येते. जाहिराती न दाखविणारी, शुल्क घेणारी, भारतीय कायद्याखालील झोहोसारखी सेवा अशा संस्थेला पुष्कळदा पुरते. किल्ली तेथे कंपनीजवळ असते, एवढे समजून घ्यावे. स्वतःच्या घरगुती, वैद्यकीय किंवा वकिलाशी होणाऱ्या पत्रव्यवहारासाठी मात्र किल्ली ग्राहकाकडे ठेवणारी सेवा घ्यावी, असे माझे मत आहे, आणि शक्य असेल तर पैसे मोजून घ्यावी.

जुने खाते घाईने बंद करू नये. बँक, निवृत्तिवेतन, विमा येथील पत्ते प्रथम बदलावेत, जुनी पत्रे उतरवून घ्यावीत आणि वर्षभर तरी दोन्ही खाती उघडून पाहत राहावे. गुगल दोन वर्षे न वापरलेली वैयक्तिक खाती काढून टाकू शकते. टुटाचे मोफत खाते सहा महिन्यांतच जाते. नव्या खात्याला दुहेरी पडताळणी लावावी. आणि कार्यालयाचे खाते असेल तर त्याचा पुनर्प्राप्तीचा संकेत कागदावर लिहून, पाकिटात मोहोरबंद करून, तिजोरीत ठेवावा. बदलीच्या वेळी कार्यभाराच्या यादीत शिक्के, नोंदवह्या आणि किल्ल्या यांच्याबरोबर त्याचीही नोंद घ्यावी, आणि नव्या अधिकाऱ्याने त्याच दिवशी परवलीचा शब्द बदलून जुना संकेत रद्द करावा.