साच्यावांचून घडणारा पत्रा

पुण्याच्या तांबट आळींतून आपण कधीं गेलां असाल, तर तेथील ठोक्यांचा अखंड नाद आपल्या कानांत असेलच. तांब्याच्या सपाट पत्र्यावर हातोडीचा घाव पडतो, पत्रा तसूभर फिरतो, पुन्हा घाव पडतो. आणि असे हजारों घाव झेलून शेवटीं त्याचा हंडा होतो. त्या हंड्यासाठीं कोणी साचा केलेला नसतो. आकार असतो तो कारागिराच्या डोळ्यांत व मनगटांत.

कारखान्याची रीत निराळी. मोटारीचें दार घडवावयाचें, तर त्या आकाराचा दोन भागांचा पोलादी साचा करतात आणि त्यामध्यें पत्रा ठेवून प्रचंड दाब देतात. दार क्षणांत तयार होतें. पण साचा घडविण्यास महिने लागतात व पैसाही फार लागतो. लाख दारें काढावयाचीं असलीं तर तो खर्च वांटून जातो. दहाच काढावयाचीं असलीं तर? जपानांत १९६४ सालीं शिंकान्सेन ही वेगवान आगगाडी सुरू झाली, तेव्हां तिच्या गोलसर नाकाचे पत्रे कुदामात्सु येथील कारागिरांनीं हातोडीनेंच ठोकून घडविले. थोड्या नाकांसाठीं साचा परवडणारा नव्हता.

परंतु असे हात सर्वत्र मिळत नाहींत. तेव्हां मनगटाचें काम यंत्राला शिकवितां येईल काय? एडवर्ड लेस्झॅक यांना अशा एका युक्तीचें पेटंट अमेरिकेंत १९६७ सालीं मिळालें. आज रूढ झालेलें तिचें रूप असें: पत्र्याच्या कडा चौकटींत घट्ट आवळतात, आणि गोल टोंकाचा एक दांडा पत्रा थोडथोडा दाबीत, फेऱ्यामागून फेरे घेत, खालीं उतरत जातो. दांड्याचा मार्ग संगणक ठरवितो. आकार बदलावयाचा तर साचा नव्हे, केवळ आज्ञा बदलावयाची.

मात्र एक मर्म ध्यानांत ठेविलें पाहिजे. कडा आवळलेल्या असल्यामुळें बाजूनें नवा पत्रा आंत येत नाहीं. होता तोच ताणला जातो. म्हणून भिंत जितकी उभी, तितकी ती पातळ. ६० अंशांच्या उतारावर एक मिलिमीटरचा पत्रा सुमारें अर्धा मिलिमीटर उरतो. आणि जाडी निम्मी झाली कीं पत्र्याचा वांकण्यास होणारा विरोध एक-अष्टमांशावर येतो. ज्या भागानें भार सोसावयाचा, त्याला हें घातक आहे. शिवाय दाब निघतांच धातु थोडा मागें उसळतो. म्हणून उतार सौम्य ठेवणें, आकार टप्प्याटप्प्यानें गांठणें किंवा मूळ पत्राच जाड घेणें, हे उपाय करावे लागतात. कामही सावकाश चालतें. लाख दारांसाठीं साचाच बरा.

पण जुन्या मोटारीचा एखादा पत्रा सडला, आणि त्याचा साचा केव्हांच मोडींत गेला असला, तर ही रीत उपयोगीं पडते. तांबट पत्रा मधून मधून भट्टींत नरम करतो व पातळ झालेली जागा बोटांनीं ओळखतो. यंत्रानें साच्याचा खर्च वांचविला. धातूचा स्वभाव ओळखण्याचें काम मात्र यंत्र चालविणाऱ्यासही चुकलेलें नाहीं.